संथ दिसणारी पाती

वळण संपतं, डोंगराची सोंड मागे सरते आणि समोरच्या पठाराच्या कडेवर एक पांढरी काडी उभी दिसते. मग दुसरी. मोजायला लागावं तर वीस-बावीस. पेंगणारे जागे होतात, कुणीतरी गाणं बारीक करतं, मागच्या सीटवरचं मूल काचेला नाक चिकटवून ‘पंखे, पंखे’ म्हणून ओरडतं. लांबच्या प्रवासात विजेचे मनोरे, पूल, धरणांच्या भिंती, कारखान्यांची धुरांडी असं कितीतरी अवाढव्य बाजूने निघून जातं. त्यांच्यासाठी कुणी गाणं बारीक करत नाही.

पवनचक्कीसाठी करतात, आणि त्याचं कारण नुसता आकार नाही. एवढी मोठी वस्तू एवढ्या सावकाश हलताना पाहायची डोळ्याला सवय नसते. सावकाश फिरते आहे म्हणजे शांत असणार, कदाचित थोडी आळशीही, असा निकाल देऊन डोळा मोकळा होतो. हा निकाल साफ चुकीचा आहे. किती चुकीचा, ते चालत्या गाडीत बसल्या बसल्या काढता येतं आणि त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. (गाडी चालवणाऱ्याने मात्र या खेळात पडू नये. पवनचक्क्या दिसतात ते रस्ते बहुधा वळणांचे आणि उघड्या वाऱ्याचे असतात.)

एक पवनचक्की निवडा. तिच्या मनोऱ्यापुढून खाली जाणारी पाती मोजा, फक्त वीस सेकंद. जो आकडा येईल तेवढ्या तिच्या मिनिटाच्या फेऱ्या. पाती तीन, आणि मिनिटात वीस सेकंदही तीनदा, त्यामुळे गुणाकार-भागाकार आपोआप कटतो. बारा पाती मोजली तर मिनिटाला १२ फेऱ्या, म्हणजे एका फेरीला पाच सेकंद. माणूस संथ श्वास घेऊन सोडतो, साधारण तेवढा वेळ. इथपर्यंत डोळ्याचंच म्हणणं खरं वाटतं.

आता त्या फेऱ्यांना पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाने गुणा आणि पाचाने भागा. येतो तो पात्याच्या टोकाचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. जमिनीवरच्या आजच्या पवनचक्क्यांचा व्यास सर्रास १०० ते १५० मीटर असतो. १२० मीटर धरला तर बारा गुणिले एकशेवीस म्हणजे १४४०, भागिले पाच म्हणजे २८८. पाचाने भागणं ही तोंडी हिशेबाची सवलत आहे. नेमका आकडा २७१ येतो. आळशी वाटणाऱ्या पात्याचं टोक हमरस्त्यावरच्या कुठल्याही गाडीच्या दुपटी-तिपटीने पळत असतं. त्या वेगाने वर्तुळात फिरताना टोकाजवळचा १ किलोचा तुकडा जवळजवळ १० किलोच्या ओढीने बाहेर फेकला जाऊ पाहतो. जत्रेतल्या कागदी भिरभिऱ्याच्या टोकाला हाच वेग द्यायचा म्हटला, तर वीतभर व्यासाचं ते भिरभिरं सेकंदाला शंभराहून जास्त फेऱ्या मारेल आणि त्याचा कागद कधीच फाटून गेलेला असेल.

डोळा चुकतो, कारण तो मीटर मोजत नाही, कोन मोजतो. शिवाय अंतराचा अंदाज बांधायला त्याच्याकडे काही नसतं. ओसाड पठार, मागे आभाळ, शेजारी ना घर ना झाड. मग तो आपल्या ओळखीचं माप लावतो आणि चार-पाच किलोमीटरवरची पवनचक्की डांबरी सडकेच्या पलीकडे उभी असल्यासारखी वाटते. यावरही एक उपाय आहे. हात पूर्ण लांबवून करंगळी आडवी धरा. ती नजरेतला साधारण १ अंश झाकते. जमिनीपासून वर गेलेल्या पात्याच्या टोकापर्यंत अख्खी पवनचक्की तिच्यामागे बसली, तर तिच्या उंचीच्या ५७ पट अंतरावर ती आहे. टोकापर्यंत १५० मीटर उंच असेल तर साडेआठ किलोमीटर. मुलांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रतिसाद अविश्वासाचा असतो, आणि तो योग्यच आहे. मग गाडी पुढे जाते, दहा मिनिटं होतात, तरी त्या काड्या जवळ येत नाहीत.

संध्याकाळी आणखी एक गंमत होते. मागे उजेड, पुढे काळ्या आकृत्या, आणि बघता बघता पाती उलटी फिरायला लागतात. फिरत नसतात. वाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर जवळपास सगळ्या आधुनिक पवनचक्क्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, आणि मागून पाहिलं की साहजिकच उलट. काळ्या आकृतीत पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते कळत नाही. मेंदू एक बाजू धरून बसतो, मध्येच ती बदलतो, आणि पाती जागच्या जागी दिशा पालटतात.

‘पंखे’ म्हणणाऱ्या मुलाला मोठी माणसं हटकून सुधारतात: पंखा नाही रे, पवनचक्की. खरं म्हणजे चक्की हा शब्दच आता नावापुरता उरला आहे. तिथे दाणा दळला जात नाही की पाणी उपसलं जात नाही. पंखा निदान यंत्राच्या रूपाशी तरी इमान राखतो.

मुलांचा पुढचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण तो भल्याभल्या अभियंत्यांना पडला होता. पात्यांच्या मध्ये एवढी जागा रिकामी का? सगळा वारा तिथूनच निसटून जात असेल की. १८८७-८८च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स ब्रश यांनी आपल्या घरामागे जी पवनचक्की उभारली, ती याच शंकेचं उत्तर होती. व्यास १७ मीटर आणि देवदाराच्या लाकडाची पाती १४४. वाऱ्याला निसटायला फट नाही. त्यातून वीज मिळायची १२ किलोवॉट. पुढे डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावी पोल ला कूर यांनी १८९१पासून प्रयोग सुरू केले आणि उलटंच निघालं: पाती थोडी आणि वेगवान असतील तर जास्त वीज मिळते. जवळपास शंभर वर्षांनी, १९८०च्या दशकात, १५ मीटर व्यासाची तीन पात्यांची डॅनिश यंत्रं ५५ किलोवॉट देत होती.

फट रिकामी वाटते, कारण आपण थांबलेलं चित्र पाहतो. पातं गेल्यावर तिथे विस्कटलेली हवा पुढे सरकून तिच्या जागी नवी हवा येईपर्यंत पुढचं पातं तिथे पोचायला हवं. तेवढा वेग असला की तीन पाती अख्खं वर्तुळ राखतात. म्हणून टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट ठेवतात. पाती वाढवली की विस्कटलेल्या हवेतच पुढचं पातं घुसतं, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

आणि सगळा वारा पकडायचाही नसतो. पकडलेली हवा मागे थांबून राहिली तर नवी हवा आत येणार कशी? ती वर्तुळाला वळसा घालून निघून जाईल. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२०मध्ये याची हद्द मांडली: वाऱ्यातल्या ऊर्जेचे २७ पैकी १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के. त्यापुढे कुठलंही उघडं चक्र जाऊ शकत नाही. चांगली यंत्रं प्रत्यक्षात चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहतात. १०० मीटर व्यासाच्या वर्तुळातून सेकंदाला १० मीटरच्या वाऱ्यात दर सेकंदाला जवळजवळ ९६ टन हवा जाते. हवा वजनदार आहे, हे शाळेत फुग्याने शिकवतात. इथे ते मालगाडीने शिकवल्यासारखं होतं.

तीनच का, दोन का नाहीत? दोन पात्यांची यंत्रं होऊन गेली आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या टेकडीवर १९४१मध्ये उभं राहिलेलं १२५० किलोवॉटचं स्मिथ-पटनम यंत्र दोन पात्यांचंच होतं. १९४५च्या मार्चमध्ये त्याचं एक पातं तुटून गेलं आणि ते पुन्हा कधी फिरलं नाही. दोन पात्यांची खरी अडचण यंत्र वाऱ्याकडे तोंड वळवताना येते. पाती उभी असताना वळणं सोपं, आडवी असताना जड. वळता वळता हे सोपं-जड दर फेरीला दोनदा आलटतं आणि सगळा मनोरा हिसके खातो. तीन पाती असली की वळण्याचा जडपणा कुठल्याही क्षणी सारखाच राहतो. डोळ्याला ही चाल सुखाची वाटते आणि बेअरिंगलाही. एवढ्या एका बाबतीत डोळा बरोबर आहे. डॅनिश अभियंते योहानेस यूल यांनी १९५७मध्ये डेन्मार्कमधल्या गेडसरला उभारलेली २०० किलोवॉटची चक्की तीन पात्यांची होती. ती दहा वर्षं फारशा देखभालीशिवाय चालली आणि आज रस्त्यावरून दिसणारं रूप बरंचसं तिथून आलेलं आहे.

मग गाडीतला सगळ्यांत गाजणारा वाद येतो. बाकीच्या फिरताहेत, ती एकटी का उभी? कुणी म्हणतं बिघडली. कुणी म्हणतं दाखवायला उभ्या केल्यात. त्यात एक ठेवणीतली अफवाही असते, की या चक्क्या उलट वीज घेऊन फिरवतात. ती सोडून द्या. बंद चक्कीला थोडी वीज लागते हे खरं. वळवणाऱ्या मोटारी, हीटर, नियंत्रणाची यंत्रणा, दिवे यांना. पाती फिरवायला नाही.

उभी का आहे, ते पात्याच्या कुशीवरून बरंचसं ओळखता येतं. प्रत्येक पातं मुळाशी आपल्याच अक्षाभोवती वळतं, वल्हं वळवावं तसं. समोरून पाहताना पात्याची रुंद बाजू दिसत असेल तर ते काम करण्याच्या स्थितीत आहे. अरुंद कड दिसत असेल तर त्याला मुद्दाम वाऱ्याला समांतर केलं आहे: वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो, ढकलत नाही. अशी कड दाखवणारी पाती अगदीच मंद, मिनिटाला एक-दोन फेऱ्या मारत असली तर ती चक्की वीज बनवत नाही, नुसती सैल सोडलेली आहे. घट्ट बांधून ठेवली तर बेअरिंगचे गोळे आणि गिअरचे दात दिवसेंदिवस त्याच जागी थरथरत राहतात आणि तिथे खाचा पडतात. म्हणून मोकळी सोडणं बरं. पूर्ण बांधून ठेवतात ती माणसं वर असताना. तेव्हा चक्राच्या मुळाशी खिट्टी घातलेली असते आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी बहुधा गाडी उभी दिसते. एक पातं नेमकं सरळ खाली आणि त्यावर दोराला लटकलेला ठिपका दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून नीट पाहा: तो ठिपका माणूस आहे, पात्याची कड घासून दुरुस्त करणारा.

बाकी कारणं बाहेरून दिसत नाहीत. वीजवाहिनीवर जागा नसली की काही चक्क्या थांबवायचा हुकूम येतो, वारा कितीही असो. एखाद्या सेन्सरने तापमान जास्त दाखवलं तरी ती थांबते. आणि एक कारण तर फारच घरगुती आहे. वाऱ्यामागे तोंड फिरवत फिरवत मनोऱ्याच्या माथ्यावरचा डबा, ज्यात जनरेटर आणि गिअर असतात, एकाच दिशेने दोन-तीन वेढे घेतो, तेव्हा आतून खाली उतरणाऱ्या जाड केबलला पीळ बसतो. मग यंत्र काम थांबवतं, सगळे वेढे उलटे घेऊन पीळ सोडवतं आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड करतं. डबा सेकंदाला अर्धा अंश किंवा त्याहूनही कमी वळतो, म्हणजे एका वेढ्यालाच बारा मिनिटं किंवा जास्त. वारा असताना वाऱ्याकडे पाठ करून सावकाश वळणारी चक्की दिसली तर ती बहुधा आपली केबल सोडवत असते.

सगळ्यांत साधं कारण वारा. चक्की सुरू व्हायला सेकंदाला ३ ते ४ मीटर वारा लागतो, आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते. वारा निम्मा झाला की ऊर्जा एक-अष्टमांश. १०० मीटर व्यासाच्या वर्तुळातून १२ मीटरच्या वाऱ्यात ८३०० किलोवॉटच्या आसपास शक्ती वाहते, ६ मीटरच्या वाऱ्यात हजाराच्या थोडी वर. एका टेकाडाची आड आली, पुढच्या चक्कीने हवा विस्कटली, एवढ्यावरही एखादी मागे राहते. म्हणून तर त्या एकमेकींपासून इतक्या लांब असतात: नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेत साधारण पाच ते नऊ व्यास, आडव्या ओळीत तीन ते पाच. १०० मीटरच्या चक्क्या असतील तर मागच्या-पुढच्या ओळींत अर्धा-पाऊण किलोमीटर जातो. डोंगराच्या धारेवर एकच ओळ दिसते तीही याचसाठी. धारेवर चढताना वारा दाबला जाऊन वेग घेतो, आणि धार ओलांडली की मागे त्याचे भोवरे होतात. त्या भोवऱ्यांत उभं राहणाऱ्या यंत्राची पाती आणि गिअर लवकर झिजतात.

उलटही विचारलं जातं. खाली गवताचं पान हलत नाही, मग वर ही कशी फिरते? जमिनीला घासून चाललेला वारा मंदावलेला असतो. मोकळ्या माळावर १० मीटर उंचीपेक्षा १०० मीटरवर वारा ढोबळमानाने ४० टक्के जास्त असतो. चाळीस टक्के थोडे वाटतात, पण घन केला की ऊर्जा पावणेतीन पट. मनोऱ्याचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

आणि वादळात? तिथेही अपेक्षेच्या उलट. १२-१३ मीटरच्या वर वारा गेला की जनरेटरला झेपेल तेवढंच घेऊन बाकीचं पाती कलती करून सोडून देतात. २५ मीटरला, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, बहुतेक यंत्रं पाती पूर्ण वळवून थांबतात. वारा सर्वांत जोरात असताना त्या स्वस्थ उभ्या असतात, आणि घाटात तेव्हा आपणही कुठेतरी आडोशाला थांबलेलं बरं.

कधी कधी चक्की दिसायच्या आधी तिचं पातं भेटतं, रस्त्यावर, एकटं, ट्रेलरवर. पुढे दिवे लावलेली गाडी, मागे दिवे लावलेली गाडी आणि मध्ये ५०-६० मीटरची पांढरी लांबण. मागची चाकं वेगळी वळवता येतात, तरीही वळणावर टोक रस्त्याबाहेर शेतावरून झाडू मारत जातं. त्यासाठी आधी फलक काढलेले असतात, तारा उचललेल्या असतात, फांद्या छाटलेल्या असतात. तीव्र घाटात पातं आडवं नेता येत नाही, तिथे खास ट्रेलर त्याला मुळाशी धरून तिरकं आभाळाकडे उचलतो आणि तसंच वर चढवतो. अशा गाडीला ओलांडायची घाई करू नये. तिची लांबी नजरेत मावत नाही आणि समोरचा रस्ता दिसतो त्याहून कमी उरलेला असतो.

त्या पात्याकडे नीट पाहिलं की ते वाकडं दिसतं. प्रवासात वाकलं, असं गाडीतलं मत पडतं. ते बनवतानाच वाकवलेलं असतं. चक्राला लावल्यावर त्याचा बाक वाऱ्याकडे येतो. जोराचा वारा त्याला मागे, मनोऱ्याकडे ढकलतो, तेव्हा ते सरळ होतं. बाक नसता तर खाली येणारं टोक मनोऱ्यावर आदळायची भीती. त्याच भीतीपोटी चक्राची बैठकही चार-पाच अंश आभाळाकडे कललेली असते, आणि बाजूने पाहिलं तर तो कल स्पष्ट दिसतो. बाकाखेरीज पात्याला पीळही आहे. मुळाशी ते वाऱ्यात हळू सरकतं, टोकाशी प्रचंड वेगाने, त्यामुळे दोन्हीकडे वारा वेगळ्या कोनातून लागतो. हत्तीच्या कानासारखं रुंद मूळ आणि सुरीसारखं टोक यांच्या मधला तो पीळ ट्रेलरवर जितका छान दिसतो तितका पुन्हा कधी दिसत नाही.

आत ते पोकळ असतं. काचतंतूंचं कापड साच्यात अंथरतात, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम घालतात, वरून प्लास्टिक चढवून हवा खेचून घेतात आणि त्या पोकळीच्या ओढीने रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, सगळीकडे भिनतं. असे दोन अर्धे शिंपले मधल्या कण्यावर चिकटवतात. हवा नीट खेचली गेली नाही तर कापडात कोरडे डाग राहतात, कापडाला घडी पडली तर ती सुरकुती आतच वाळते. दोन्ही बाहेरून दिसत नाहीत, आणि वर्षांनंतर तिथूनच भेग फुटते. कारण पात्याचा खरा शत्रू वादळ नाही, आवर्तन आहे. दर फेरीला स्वतःच्याच वजनाने ते एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकतं. मिनिटाला १२ फेऱ्यांनी वीस वर्षं अखंड फिरलं तर हे साडेबारा कोटी वेळा होईल. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तीच कसरत; फक्त इथे तुटू नये म्हणून सगळा हिशेब केलेला.

पाऊसही त्याला सोसत नाही. सेकंदाला ७५ मीटर वेगाने जाणाऱ्या कडेला पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो. काही वर्षांत टोकाकडची पुढची कड खरवडून निघते, हवा तिथे विस्कटते आणि वीज घटते. दोराला लटकलेला माणूस दुरुस्त करतो ती हीच कड. यंत्रं मोठी होत गेली तशी त्यांच्या फेऱ्या कमी का होत गेल्या, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे: टोकाचा वेग आणखी वाढवला तर कड लवकर जाते, आणि आवाज झपाट्याने वाढतो. म्हणजे जो संथपणा पाहून आपण फसतो, तो खरं तर वेगाला घातलेला लगाम आहे.

टोकाजवळ नाण्याएवढी धातूची चकती असते. वीज पडते ती बहुधा टोकावर, आणि चकतीपासून आतल्या तारेने ती मुळापर्यंत, तिथून मनोऱ्यातून जमिनीत उतरवतात. वाट तुटलेली असली तर आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि शिंपले शेंगेसारखे उकलतात.

जवळून जाणारा रस्ता असेल तर खाली थांबल्यावर मापाला एक गोष्ट मिळते: मनोऱ्याचं दार. ते माणसाच्या मापाचं असतं, २ मीटरच्या आसपास. १०० मीटरच्या मनोऱ्यावर अशी ५० दारं एकावर एक. वरचा डबा, जो लांबून काड्यापेटीएवढा वाटला होता, बसएवढा असतो. खालचं नळकांडं रुंदीला चार मीटरच्या थोडं वर जाऊन थांबतं. त्यापेक्षा जाड केलं तर ते रस्त्यावरच्या पुलांखालून जात नाही. मनोरा किती जाड असावा हे वाऱ्याआधी रस्त्याने ठरवलेलं असतं, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि आतल्या कड्यांना शेकडो बोल्ट मारून जोडतात. काही आठवडे चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा ताणून पाहतात. नट आणि बोल्टवरून मिळून एक रंगाची रेघ ओढलेली असते. रेघ मोडली की नट सरकला. पायाखाली अठरा-वीस मीटर रुंद, दोन-तीन मीटर जाड काँक्रीटची गोल थाळी आहे. ती एकाच दमात ओतावी लागते, एकामागून एक साठ-सत्तर मिक्सर, कारण मध्ये थांबलं तर जुन्या-नव्या थरांत सांधा राहतो. उभारणीची क्रेन मात्र वाऱ्यात पाती उचलू शकत नाही. उत्तम वाऱ्याची म्हणून निवडलेली जागा, आणि तिथे माणसं दिवस दिवस वारा पडायची वाट पाहत बसलेली.

अगदी खाली उभं राहू नये, विशेषतः वीज कडाडताना, आणि थंड प्रदेशात पात्यांवर बर्फ धरलेला असताना. तो सुटला की दूरवर फेकला जातो. थोडं लांबूनच ऐका. खाली येणाऱ्या प्रत्येक पात्याचा सुस्कारा वेगळा ऐकू येतो, मिनिटाला छत्तीस. संध्याकाळी सावली रस्त्यावर पडत असेल तर तीही तेवढ्याच वेळा ओलांडते, आणि जिच्या खिडकीवर ती रोज पडते त्या घराला याचं कौतुक नसतं.

पक्ष्यांनाही नसतं. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट खिंडीत सोनेरी गरुड मोठ्या संख्येने मेले, आणि चक्क्या कुठे उभारू नयेत हे पुष्कळांना तिथून कळलं. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवून पाहिलं, आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. चार यंत्रांचाच प्रयोग, तेव्हा तो तेवढाच मानावा. पण कल्पना ओळखीची वाटते: पाती वेगात आहेत हे पक्ष्यालाही दिसत नाही. त्याचा डोळाही फसतो, फक्त किंमत फार मोजतो.

दिवस कलताना एखादी उभी चक्की जवळ असेल आणि थांबायला मोकळी जागा असेल, तर पंधरा मिनिटं काढावीत. मागच्या सीटला इथे धीर धरवत नाही, पण धरायला लावावा. डब्यावर मागच्या बाजूला दोन छोटी उपकरणं असतात, एक वाऱ्याचा वेग पाहणारं आणि एक दिशा. वारा एकदा आला म्हणून यंत्र हलत नाही. तो काही मिनिटं टिकतोय का ते पाहतं. मग डब्यातून घरघर ऐकू येते आणि डबा वाऱ्याकडे तोंड करायला लागतो, इतका हळू की कडेच्या ढगाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तोंड जुळलं की पाती कुशीवर वळतात; अरुंद कडेच्या जागी रुंद बाजू दिसू लागते. चक्र निघतं. एक फेरी अर्ध्या मिनिटात, पुढची वीस सेकंदांत, मग पंधरा. पाती आणखी वळतात, वेग आणखी चढतो. आत गिअरबॉक्स त्या वेगाची साधारण शंभर पट करून जनरेटरला देतो. मग जनरेटरच्या विजेचा दाब, तिची आवर्तनं आणि त्यांचा ताल बाहेरच्या तारेतल्या विजेशी जुळवला जातो. तिन्ही जुळले की आत एक स्विच बसतो आणि वीज तारेत उतरते.

बाहेर काहीच होत नाही. पाती होती तशीच फिरत असतात. घड्याळ लावून मोजली तर वीस सेकंदांत आठ.